नाव नको म्हणणाऱ्यांचे आभार

आमच्या जुन्या एकपडदा थिएटरात परवा पुन्हा दिवे मालवले आणि पडदा उजळला. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांनी 'नावं छापू नका' असं बजावलंय, म्हणून नुसतेच आभार.

सगळ्यांत आधी प्रोजेक्टर रूममधल्या काकांचे. फिल्मच्या सेकंदाला 24 चौकटी. 2000 फुटांचं रीळ जेमतेम 20-22 मिनिटं चालणार. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की तयारीत राहायचं, दुसऱ्यांदा चमकला की शेजारच्या मशीनवरच्या पुढच्या रिळावर जायचं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. डिजिटल आलं तेव्हा 35 मिमी फिल्मची मशीनं भंगारात निघाली होती, काका अडून बसले. थिएटर बंद असतानाही येऊन गिअरना तेल घालत राहिले. पगार? कसला पगार! आज डिजिटलच्या शेजारी तीही चालतात.

खुर्च्यांची कव्हरं शिवणाऱ्या ताई, गळक्या छपरावर चढलेली पोरं, बाल्कनीचं एक तिकीट मागून जाडजूड पाकीट सरकवून पसार झालेले आजोबा, तुमचेही आभार. (आजोबा, तिकीट अजून खिडकीवरच आहे.)

आणि पोपडे खरवडताना खालची मूळ नक्षी दिसताच हात आवरणारे रंगारी, तो कोपरा आम्ही तसाच ठेवलाय. येऊन बघा.