मद्यविक्रीची वेळ शटरवरच लिहा

महोदय,

दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याविषयीचा ऑक्टोबर २०२५ चा शासन निर्णय आल्यापासून ‘आता वाइन शॉपही रात्रभर’ असा अनेकांचा समज झाला आहे. तो चुकीचा आहे. मद्यविक्रीची ठिकाणे त्या सवलतीतून वगळलेली आहेत. मुळात गोंधळ होतो तो प्रत्येक परवान्याची वेळ निराळी असल्यामुळे.

वाइन शॉप (एफएल-२) आणि बिअर शॉपी रात्री १०.३० ला बंद होतात. देशी दारूचे दुकान (सीएल-३) महापालिका हद्दीत ११ पर्यंत, ग्रामपंचायतीत १० पर्यंत. म्हणजे कोल्हापुरातून पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोली ग्रामपंचायतीत गेले की एक तास कमी! परमिट रूम (एफएल-३) पुण्यात १.३० पर्यंत चालते, कारण तिथे पोलिस आयुक्तालय आहे. कोल्हापुरात ते नसल्याने ११.३० ला बंद.

खरी गडबड १०.३० ते ११.३० या तासात होते. वाइन शॉप बंद, परमिट रूम चालू; मग तिथूनच सीलबंद बाटली ‘पार्सल’ मागितली जाते. एफएल-३ परवाना तिथेच बसून पिण्यासाठी आहे. पार्सल नियमबाह्य असल्याने बिल मिळत नाही, बिल नाही म्हणून छापील किमतीपेक्षा जादा पैसे, आणि तक्रार करायला हातात कागदच नाही. वाइन शॉपवर ‘मी आधीपासून रांगेत होतो’ ही हुज्जतही रोजची. विक्रेत्यांनी १०.२० ला रांग थांबवावी, म्हणजे शटर अर्धे ओढून बाटल्या सरकवण्याची वेळ येणार नाही.

निवडणुकीतला ‘ड्राय डे’ही लोक दिवसात मोजतात, कायदा तासांत मोजतो. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास विक्री बंद. मतदान सायंकाळी ६ ला संपणार असेल, तर दोन दिवस आधी सायंकाळी ६ लाच शटर खाली.

राज्य उत्पादन शुल्क विभागाने परवान्याचा प्रकार, उघडण्या-बंद होण्याची वेळ आणि वयाची अट (बिअर-वाइनला २१, इतर मद्याला २५ वर्षे) लिहिलेला मराठी फलक सक्तीचा करावा. एक दिवसाचा पिण्याचा परवाना विदेशी मद्याला ५ आणि देशीला २ रुपयांत मिळतो, हेही त्यावर असावे. बहुतेकांना तो लागतो हेच ठाऊक नसते. फलक काउंटरमागे नको, शटरच्या बाहेरच्या अंगाला हवा. दुकान बंद झाल्यावरच तो वाचला जाणार आहे.

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर