ताई, तुमचे ऑर्क अंतराळात पोचले

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. लगेच विषय बदलता, नाहीतर "त्या बुटक्यांना प्रायमर (रंगाआधीचा थर) मारलास का?" असं विचारून मोकळ्या होता. म्हणून हे जाहीर पत्र. आता तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

तुम्ही मला जुन्या फिगरींचं, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातल्या छोट्या सैनिकांचं, खोकं दिलंत. त्यात माझ्या खेळाचं असं काहीच नव्हतं. राक्षसी ऑर्क, टोकदार कानांचे एल्फ, दाढीवाले बुटके, हाडांच्या सांगाड्यांची एक पलटण, मांत्रिक आणि तळाशी एक ड्रॅगन. सगळे तुमच्याकडेही कुणाकडून तरी आलेले, कुणीतरी जाड रंग थापलेले, निम्म्यांचे भाले मोडलेले. आणि मला हवी होती अंतराळयुद्धाची फौज. "अंतराळात ऑर्क कसे चालतील?" असं विचारल्यावर तुम्ही सरळ इतिहासच काढलात. वॉरहॅमर हा जादू-तलवारींच्या काल्पनिक जगातला युद्धखेळ १९८३चा. तो काढणाऱ्या कंपनीचाच अंतराळातला खेळ, वॉरहॅमर ४०,०००, आला १९८७ मध्ये, आणि ऑर्क, एल्फ, बुटके ही मंडळी तिथून थेट अवकाशात गेली. त्या काळात तर डिओडरंटच्या रिकाम्या डबीचा तरंगता रणगाडा कसा करायचा, हे कंपनीच्याच मासिकात छापून आलं होतं. "तू काही नवीन पाप करत नाहीयेस," हे तुमचं वाक्य ऐकलं आणि माझी भीड चेपली.

पण खरे आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कन्व्हर्जन, म्हणजे फिगरी कापून-जोडून तिचं रूप बदलणं, म्हटलं की आपण आधी काय चिकटवायचं याचा विचार करतो: बंदुका, नळ्या, अँटेना, गॉगल. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "यातून काय काढलं की हा जुन्या जगातला वाटणार नाही?" आणि क्रॉसबोवाला बुटका हातात घेतलात. धनुष्याचे दोन्ही बाहू कटरनं उडवले, दोरीचा उंचवटा पात्यानं खरवडला. उरला तो लाकडी दस्ता, खांद्याला टेकवलेला आणि बोट घोड्यावर. ती रायफलच होती! पुढे प्लास्टिकच्या कांडीचा तुकडा नळी म्हणून लावला, तिच्या तोंडाला हातड्रिलनं बारीक भोक पाडलं आणि काम झालं. दाढी तशीच, चिलखत तसंच. हातभर अंतरावरून बघणाऱ्याला आधी शस्त्र दिसतं, मग डोकं, मग पाठ. या तीन जागा बदलल्या की उरलेलं डोळा स्वतःच जुळवून घेतो, हे तुमचं म्हणणं तेव्हा पटलं.

रंग काढण्याचं काम मात्र कंटाळवाणं, त्यावर फार लिहीत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं, आणि अ‍ॅसिटोन प्लास्टिकच्या आसपासही आणायचं नाही, कारण रंगाबरोबर सैनिकही विरघळतो. पण एका ऑर्कच्या तोंडावरचा हिरवा थर सुटला आणि आतून खालच्या जबड्यातले वाकडे सुळे आणि कानातली बारीक कडी बाहेर आली, तेव्हा घासून दुखणारा हात विसरायला झाला. धातूच्या जुन्या फिगरींबद्दल तुम्ही दिलेली ताकीद इथे सगळ्यांसाठी लिहून ठेवते: कागदावर घासल्यावर करडी रेघ उमटली तर त्यात शिसं आहे असंच धरून चालायचं. कानस ओली करून मारायची, म्हणजे धूळ उडत नाही. त्या टेबलावर खायचं-प्यायचं नाही, आणि उठल्यावर हात साबणानं धुवायचे.

ग्रीन स्टफची, म्हणजे निळी आणि पिवळी पट्टी एकत्र मळून आकार द्यायच्या पुट्टीची, तुमची युक्ती तर कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते. निळी आणि पिवळी पट्टी जिथे एकमेकींना चिकटलेली असते, तिथे ती आधीच कडक होऊन बसलेली असते. ती मधली चिंचोळी रेघ कापून टाकली नाही, तर कितीही मळलं तरी कण राहतात, आणि ते नेमके गालावर उगवतात. पिवळा थोडा जास्त घेतला तर लवचीक, कापडाच्या घड्यांना बरा. निळा जास्त घेतला तर कडक, शस्त्रांच्या कडांना बरा. हत्यार सतत ओलं ठेवायचं. नळ्यांसाठी मात्र ग्रीन स्टफ वळत बसायचंच नाही, गिटारची, वर बारीक तार गुंडाळलेली जाड तार घ्यायची. मांत्रिकाच्या काठीचा वरचा मणी कापून तिथे अँटेना बसवली, आणि तशा तारेचा तुकडा पाठीवरच्या पेटीपासून मनगटापर्यंत वळवला. मांत्रिकाचा संदेशवहन अधिकारी झाला. त्याचा झगा मी काढला नाही, तुम्हीच काढू दिला नाहीत. (तार कापताना चष्मा लावा, हे तुमचं दुसरं ओरडणं. तुकडा कुठे उडेल त्याचा नेम नसतो.)

एका बाबतीत माझं तुमच्याशी अजूनही जमत नाही. तलवारीच्या पात्यावर निळसर चकाकी रंगवून तिला ऊर्जेची तलवार म्हणणं तुम्हाला आळशीपणा वाटतो. मला ती चकाकी आवडते! मुठीकडे गडद निळा, टोकाकडे जवळजवळ पांढरा, मध्ये पातळ रंगाचे थरावर थर. असे थर द्यायला शिकवलंत तुम्हीच, तेव्हा तक्रार स्वतःकडेच करा. गॉगलच्या काचा मात्र निमूटपणे तुमच्याच पद्धतीनं केल्या: वर गडद लाल, खाली नारिंगी, आणि वरच्या गडद कोपऱ्यात पांढऱ्याचा एक ठिपका. टोकदार ब्रश लागतो आणि श्वास रोखावा लागतो, पण त्या ठिपक्यानंतर काच खरोखर काच दिसते.

फौज एकसंध दिसेल की नाही याची धास्ती होती, कारण कुणी प्लास्टिकचा, कुणी धातूचा, कुणाची उंची दुसऱ्याच्या खांद्याइतकीच. तुम्ही म्हणालात, पायाखालची जमीन एक कर. गवत खरवडून काढलं, २५ मिलिमीटरचे बेस (पायाखालच्या चकत्या) ३२च्या कड्यांत बसवले, वर प्लास्टिकच्या जाळीचे तुकडे लावून यानाची लोखंडी फरशी केली. काळ्या प्रायमरवर वरून पांढरा फवारा, प्रत्येकाच्या खांद्यावर तोच विटकरी रंग, स्पंजनं टिपलेले तेच पोपडे. आता सांगाडे यंत्रमानव म्हणून बुटक्यांच्या शेजारी उभे राहतात आणि कुणी विचारत नाही की हे एका फौजेत कसे.

आणखी एक. जुन्या धातूच्या फिगरी तुम्ही खोक्यातून वेगळ्या काढून माझ्या हातात दिल्यात. यांचे साचे आता वापरात नाहीत, कापण्याआधी एक रात्र विचार कर, प्लास्टिकच्या मात्र बिनधास्त काप, असं सांगून. दिल्यावरही वस्तूंची इतकी काळजी, आणि तरीही "तुझ्या आहेत, तूच ठरव" म्हणण्याचा मोठेपणा. त्यातल्या काही मी कापल्या, काही तशाच ठेवल्या. कोणत्या, ते येऊन बघा.

ड्रॅगन अजून शिल्लक आहे. पंख उतरवून त्याच्या पाठीवर तोफ बसवायचा विचार आहे, पण पंख गेले की तो नुसता मोठा सरडा दिसेल अशी शंका येते. या वेळी काय काढायचं ते मला दिसत नाहीये. पुढच्या भेटीत कटर तुम्हीच हातात घ्या.

तुमची,
बुटक्यांची नवी मालकीण