रौप्यपदक, १ जून आणि 'इतर कलाकार'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण आमच्या गावच्या मुलीवर अर्धं पान छापलंत. एका वाहिनीवरच्या स्किटच्या कार्यक्रमात ती मोलकरीण, जाऊबाई, शेजारीण, रेशनच्या रांगेतली बाई अशी लहानसहान कामं करते. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बसस्टँडच्या स्टॉलवरचे अंक नऊच्या आत संपले. दहा वाजता तिचे वडील माझ्या दारात उभे. ओट्यावर टेकले, बगलेतली पेपरची घडी उलगडली, चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "गुर्जी, हे वाचा बरं." दारुड्या बापाचा छळ सोसत तिनं अभिनय जपला, असं त्या ओळीत होतं.

हा माणूस माळकरी आहे. चहा सोडला तर व्यसन नाही, आणि एकादशीला तोही बंद असतो. दारुडा बाप आहे तो स्किटमधला. भांडी घासता घासता ती बापाचं गाऱ्हाणं सांगते आणि समोरचा नट त्यावर हशा घेतो. आपल्या लेखकानं तो संवाद उचलून थेट तिच्या चरित्रात बसवला.

अशी गल्लत का होते, हे मला कळतं. स्किटमध्ये नटाचं खरं आयुष्य आणि सोंग सरमिसळ झालेलं असतं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तून गाजलेले गौरव मोरे स्वतःला फिल्टरपाड्याचा म्हणवतात आणि ते खरोखरच पवईच्या फिल्टरपाड्यात वाढलेत. मग वाचणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचं सगळंच खरं असणार. पण मोठ्या नटाबद्दल चुकीचं छापलं तर दुसऱ्या दिवशी शंभर फोन येतात. जाऊबाईसाठी कोण करणार? यूट्यूबवर तुकडे टाकतात, त्यांत श्रेयनामावली बहुतेक कापलेलीच असते. पूर्ण भाग पाहिला तर नावं इतक्या घाईनं सरकतात की माझ्यासारख्याला चष्मा सापडेपर्यंत ती संपलेली असतात. तिचं नाव त्यात 'इतर कलाकार' या ओळीखाली येतं. आपण तर तिच्या आडनावाची वेलांटीही चुकवलीत.

लहान काम म्हणजे सोपं काम, असा समज आपल्या लेखातून डोकावतो, म्हणून हे सांगतो. एका स्किटमध्ये ती पोह्यांची ताटली घेऊन येते. मुलगी बघायचा कार्यक्रम. नवरदेव बढाई मारतो की पगार सत्तर हजार आहे. ती काही बोलत नाही. पुढं केलेली ताटली हळूच मागं घेते, पोह्यांवरचं खोबरं दोन बोटांनी काढून बाजूला ठेवते आणि उरलेले पोहे त्याच्या हातात देते. हशा तिथं सुरू होतो. त्यानंतर नवरदेव जे वाक्य बोलतो त्यावर टाळ्या पडतात आणि व्हिडिओवर नाव त्याचंच झळकतं. नाटकवाले याला फीड देणं म्हणतात. पंच, म्हणजे हशा घेणारं वाक्य, दुसऱ्याचा, पण तो कुठं पडणार ती जागा हिनं करून दिलेली. आठवीत असताना ही मुलगी गॅदरिंगला नुसती कंदील धरून उभी होती, तेव्हाही लोक तिच्याकडंच बघत होते. असो.

आता जन्मतारीख. आपण १ जून १९९४ छापलीत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात तीच आहे, म्हणजे आपण कागदाशी पक्के. गंमत अशी की अख्ख्या लेखात कागदाशी जुळणारी ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच खोटी. आमच्याकडं जन्माची नोंद नसलेलं पोर पहिलीत आलं की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. हिचं नाव मीच घातलं, तारीखही मीच टाकली. तिच्या आईला विचाराल तर ती सांगेल, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची खांदेमळणी चालली होती तेव्हा. साल मात्र बरोबर आहे. मग त्याच लेखात आपण तिचं वय बेचाळीस कसं केलंत? पडद्यावर तिला दोन लेकरांची आई केलंय, म्हणूनच ना? अजून ती पस्तिशीलाही पोचलेली नाही आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं चालू आहे. बेचाळीसच्या आकड्यानं तिची आई बापापेक्षा जास्त बिथरली.

जिल्ह्याच्या बाबतीत तुम्हाला दोष देत नाही. एका चौकटीत ती परभणीची आहे, दुसरीत हिंगोलीची, आणि दोन्ही खरं आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. ती जन्मली तेव्हा आमचा कळमनुरी तालुका परभणीत होता. जन्मस्थळाच्या वादाचं आम्हाला तसं वावडं नाही. नामदेव महाराज आमच्या नर्सीचे की पंढरपूरचे, हे अजून मिटायचं आहे.

बोलीबद्दल मात्र भांडणार. तिच्या बोलण्याला आपण 'अस्सल वऱ्हाडी ठसका' म्हटलंत. अहो, भारत गणेशपुरे बोलतात ती वऱ्हाडी, ते अमरावतीकडचे. पैनगंगेपलीकडं पुसद, तिथून विदर्भ लागतो. अलीकडं आमचा मराठवाडा. नदीकाठी शब्द इकडचे तिकडं होतात, 'काऊन' आमच्याकडंही ऐकू येईल, पण 'काय करू लालाव' म्हणणारी पोरगी वऱ्हाडातली नव्हे. ही चूक जुनी आहे. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे, म्हाताऱ्या बायकांसकट. नावात वऱ्हाड आहे म्हणून ते नाटक विदर्भातलं समजणारे शिकलेसवरलेले लोक मला भेटलेत. तिथं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आणि भाषा मराठवाड्याची.

राहिलं रौप्यपदक. राज्य नाट्य स्पर्धेत तिला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं, असं आपण लिहिलंत. मिळालं होतं गुणवत्ता प्रमाणपत्र. ते तिच्या घरी दारावर, विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी काच लावून टांगलंय आणि त्यावर स्वच्छ अक्षरात तसं लिहिलेलं आहे. ही चूक कुठून निघाली ते मी आठवडाभर शोधलं. आपण घेतलं तिच्या चाहत्यांच्या एका फेसबुक पानावरून, वाक्यही तेच आहे. त्यांनी घेतलं एका स्थानिक साप्ताहिकातल्या बातमीवरून. ती बातमी आमच्या शाळेतल्या तिच्या सत्काराची. त्या सत्कारात माईक हातात आल्यावर 'रौप्यपदक' म्हणाला तो वक्ता मी. टाळ्या वाजल्या आणि मी ते तसंच राहू दिलं. मुलगी स्टेजवर शेजारीच होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हा मला वाटलं, लाजली.

म्हणजे चुकांच्या या यादीत माझ्याही नावावर दोन आहेत. पण मी फक्त माईकवर बोललो होतो. आपल्याकडं छापायच्या आधी चार दिवस होते. तिचा फोन नंबर आपल्या तालुका प्रतिनिधीकडं आहे, गणपतीच्या कार्यक्रमाला त्यानंच तिला बोलावलं होतं. ती फोन उचलते आणि शूटिंग असेल तर रात्री अकराला का होईना, उलट फोन करते. तिच्या घरी दोन मिनिटं बोललं असतं तरी दारुड्या बापाची ओळ गळाली असती.

मागणी एवढीच. दुरुस्ती रविवारच्या पुरवणीतच यावी. दुसऱ्या पानाच्या तळाशी, निविदा सूचनांच्या गर्दीत नको. रौप्यपदकाची चूक माझी होती, असंही त्यात लिहा. वेलांटी तेवढी नीट बघा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. कळमनुरी, जि. हिंगोली (पूर्वीचा परभणी)

ता. क. पाऊस असला की आमच्याकडं पुरवणी सोमवारच्या गाडीनं येते. दुरुस्ती कोणत्या तारखेला छापणार ते आधी कळवलंत तर बरं. तिचे वडील त्या दिवशी वारीला निघणार नाहीत म्हणतात.