दीड वर्षाची लस राहिली नाही ना?

सर्व आईबाबा आणि आजीआजोबांना नमस्कार.

सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी आपण सगळे आठवणीने देतो. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाचीही. मागे पडते ती त्यानंतरची. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताविरुद्धच्या लसीचा) बूस्टर १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. तोवर मूल घरभर धावायला लागलेलं असतं, आईची रजा संपलेली असते आणि कार्ड कपाटात गेलेलं असतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली. म्हणून कळकळीची विनंती, आजच कार्ड काढून बघा.

या लसी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात. बाळंतपण गावी झालं असेल तर तिथलंच कार्ड न्या. डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका; ताप जास्त असेल तर डॉक्टरांना विचारा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. तापाचं औषध बाळाच्या वजनाप्रमाणे असतं, शेजारच्या बाळाचं प्रमाण वापरू नका. दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा.

दवाखान्यात सोबत हवी असेल तर गटावर लिहा, कोणीतरी नक्की येईल.