तळघरातल्या भट्ट्या आणि घनफुटांचा हिशेब

महोदय,

ब्रिटनमधील जुन्या कारखान्यांविषयी लिहिताना भर नेहमी कामाच्या तासांवर असतो. निरीक्षकाची मोजपट्टी मात्र विसरली जाते. 1901च्या फॅक्टरी अँड वर्कशॉप कायद्याने माणशी किमान 250 घनफूट जागा ठरवली, जादा कामाच्या वेळी 400. म्हणजे 15 बाय 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीत एरवी सातजण, जादा वेळेत फक्त चार. हा आकडा खोलीत लावणे सक्तीचे होते. अर्थात नुसत्या घनफुटांनी हवा खेळत नाही. गॅसचे दिवेही प्राणवायू खातात, म्हणून विजेखेरीज इतर दिवे असल्यास हे प्रमाण बदलण्याची मुभा गृहमंत्र्यांना होती.

बेकऱ्यांचे नियम अधिक कडक. भिंतींना दर सहा महिन्यांनी चुना, किंवा तेलरंगाचे तीन हात आणि सहामाही गरम पाण्यासाबणाने धुणे. जुने पापुद्रे न खरवडता चुना मारला की वाफेने तो सुटून पिठात पडणार, हे उघड आहे. शौचालय बेकरीला थेट जोडलेले चालत नसे. दोन्हींच्या पाण्याच्या टाक्याही वेगळ्या लागत. तळघरातील बेकऱ्यांना तर 1904पासून स्थानिक परिषदेचा दाखला अनिवार्य झाला.

आपला,
एक निवृत्त आरोग्य निरीक्षक