प्रश्नावली वाटण्याआधी

ॲन आर्बर, मिशिगन

चि. सायलीस अनेक आशीर्वाद,

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी करणाऱ्या मुलामुलींना गे-लेस्बियन व्यक्तींच्या हक्कांबद्दल काय वाटतं, हा विषय तू प्रबंधाला घेतलास याचा फार आनंद झाला. पण 'तुम्ही समलैंगिकता स्वीकारता का?' हा पहिलाच प्रश्न काढून टाक. समाजकार्य शिकणारा त्याला 'हो'च म्हणणार. हक्क सुटे सुटे विचार: नोकरी, भाड्याचं घर, लग्न, मूल दत्तक घेणं. लग्नाबाबत 'काय असावं' एवढंच विचार. २०१८ मध्ये कलम ३७७ खालचा, प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांचा गुन्हा गेला, तरी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला मान्यता दिलेली नाही. नुसतं 'लग्न' विचारलंस तर काहीजण मत न देता कायदाच लिहून मोकळे होतील.

मानसशास्त्रज्ञ हेरेक यांच्या, गे-लेस्बियन व्यक्तींबद्दलची मतं मोजणाऱ्या मोजपट्टीत २० विधानं आहेत, १० गे पुरुषांबद्दल आणि १० लेस्बियन स्त्रियांबद्दल. बेरजा वेगळ्या ठेव. पुरुष विद्यार्थी बहुधा गे पुरुषांबद्दल जास्त कडक असतात, एकत्र बेरजेत ते दिसत नाही. काही विधानं उलट्या अर्थाची, म्हणजे विरोधाऐवजी समर्थनाची आहेत. १ ते ५ च्या पट्टीवर त्यांचे गुण ६ मधून वजा करायचे. हे करायचं राहून गेलं तर विरोधक आणि समर्थक दोघेही मध्यावर येऊन बसतात.

फॉर्मवर रोल नंबर नको. तीस जणांच्या वर्गात वय, जात, गाव एकत्र विचारलंस तरी माणूस ओळखू येतो. आणि सर वर्गात असताना फॉर्म भरून घेऊ नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं, एक प्रसंग दे: आईवडील मुलीला घेऊन येतात, 'हिला नीट करा' म्हणतात, तुम्ही काय कराल? इथे शेजारी, ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात, समुपदेशनाच्या एका विद्यार्थिनीने धर्माच्या कारणावरून समलिंगी क्लायंट दुसऱ्याकडे द्यायला सांगितला. २००९ मध्ये तिला काढलं, कोर्टबाजी झाली, २०१२ मध्ये तडजोड. २०१४ च्या अमेरिकन समुपदेशकांच्या आचारसंहितेत स्पष्टच आलं, की केवळ स्वतःच्या मूल्यांपोटी क्लायंट दुसरीकडे पाठवायचा नाही. मत आणि काम यांतली ही फट टिकमार्कच्या प्रश्नांत सापडत नाही. तुझ्याकडे बरेच जण 'समजावून सांगेन' लिहितील. कोणाला, मुलीला की आईवडिलांना? तो रकाना वेगळा ठेव. खरं उत्तर तिथेच आहे.

आधी दुसऱ्या कॉलेजच्या आठ-दहा जणांकडून भरून घेऊन बघ, कुठे अडतात ते कळेल. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी