ताई, त्या दिवाळीचे आभार मानायचे राहिलेच

ताई, नमस्कार. मी तुमच्या बहिणीच्या शेजारचा, मिरजेचा. समोरासमोर काही मला हे बोलायला जमलं नसतं म्हणून लिहितोय आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण आमच्यासारखं कुणीतरी आत्तासुद्धा फाईल काखेत मारून फिरत असणार.

गणपती झाले आणि अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यात पोचेपर्यंत मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ निघून गेलेली. घरी आणल्यावर येणारा प्रत्येक माणूस औषध सांगायचा, कुणी तेल, कुणी कबुतराचं रक्त चोळा (खरंच!), आणि त्यातच एका स्टेम सेलवाल्यांचा (म्हणजे नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी टोचणाऱ्यांचा) फोन आला, तीन इंजेक्शनं, सहा लाख, शिवाय लोक उठून चालायला लागलेले व्हिडिओ. मी विहिरीकडच्या आठ गुंठ्यांचा व्यवहार ठरवून मोकळा झालो होतो, फक्त इसार घ्यायचा बाकी होता.

तेवढ्यात तुम्ही दिवाळीला बहिणीकडे आलात. फराळाचं ताट बाजूला सरकवून पहिल्या दिवशीची एमआरआयची प्लेट खिडकीच्या उजेडाला धरलीत आणि डाव्या बाजूचा शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका दाखवलात. एवढ्याशानं अख्खा हात-पाय कसा जातो म्हटल्यावर तुम्ही लॅपटॉपवर कुणाचा तरी, नाव काढून टाकलेला रंगीत स्कॅन उघडलात. मेंदूतलं पाणी तंतूंच्या दिशेनं सरकतं, त्यावरनं मशीन रस्ते काढतं, वर-खाली जाणारे ते निळे. हातापायाचे सगळे तंतू मेंदूतल्या एका चिंचोळ्या जागेतनं दाटीवाटीनं जातात आणि अप्पांचा ठिपका नेमका तिथंच. पण बोटं थोडी हलतायत म्हणजे सगळे तुटलेले नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत. तोवर इतक्या डॉक्टरांकडे गेलो पण ती प्लेट आम्हाला कुणी वाचूनच दाखवली नव्हती.

स्टेम सेलचं विचारल्यावर तुम्ही नाही म्हणाला नाहीत, उलट मलाच विचारलंत, ते ह्याला ट्रायल, म्हणजे अजून तपासून बघायचा प्रयोग, म्हणतात का उपचार? ट्रायल असेल तर पेशंटकडनं पैसे घ्यायचे नसतात, आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची, २०१७ ची नियमावली आहे, आणि उपचार म्हणत असतील तर स्ट्रोकसाठी, म्हणजे ह्या लकव्यासाठी, त्याला मान्यताच नाही. मग आपल्याच देशातली ट्रायल सांगितलीत, दिल्लीच्या एम्सच्या पुढाकारानं पाच ठिकाणी झालेली, २०१४ ला छापून आलेली. १२० पेशंट, निम्म्यांना त्यांच्याच कमरेच्या हाडातल्या मगजातल्या पेशी शिरेतनं दिल्या. सहा महिन्यांनी रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात त्याचे शंभरपैकी मार्क काढले, पेशीवाले ६३.१, बिनपेशीवाले ६३.६. स्कॅनवरच्या डागातही म्हणण्यासारखा फरक नाही. धोका दिसला नाही, पण फायदाही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या १८ जणांचंही सांगितलंत, थेट मेंदूत पेशी सोडल्या, बरेच सुधारले, सगळीकडे गवगवा झाला, आणि नंतरच्या १६३ जणांच्या ट्रायलमध्ये ते टिकलं नाही कारण तिथं तुलनेला खोटी सर्जरी केलेले, म्हणजे पेशी न सोडलेले, लोकही होते.

खरं सांगू का, त्या दिवशी तुमचा रागच आला होता. माणूस आशेनं आलाय आणि ही बाई ६३.१ आणि ६३.६ सांगतेय. रात्रभर झोप नाही. पण सकाळी मी इसार नको म्हणून फोन केला आणि त्या स्टेम सेलवाल्यांना तुमचाच प्रश्न विचारला, ट्रायल का उपचार, तर पलीकडनं फोन ठेवला.

आता फिजिओवाले रोज घरी येतात. ज्वारीचे दाणे एका वाटीतनं दुसऱ्या वाटीत टाकायचे, दिवसातनं चार वेळा, अप्पा शिव्या घालत घालत करतात. काठी घेऊन दारापर्यंत जातात. चहाचा कप अजून उजव्या हातात धरवत नाही, डाव्यानंच पितात. तुम्हाला ते 'निळ्या दोऱ्यावाली' म्हणतात, नाव काही लक्षात राहिलेलं नाही. संक्रांतीला इकडं येणार असाल तर आधी कळवा, त्या आठ गुंठ्यांत हरभरा लावलाय, डहाळे काढून ठेवतो.